आधी महिना, मग गाव

गोवा, केरळ, जयपूर, ताडोबा आणि एक दिवस तुळजापूर.

भाचीनं डलासहून पाठवलेली यादी एवढीच. खाली तारखा होत्या, 24 जुलै ते 10 ऑगस्ट. मी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि आमच्या हिला म्हणालो, "गावं हिनं निवडलीत, पण महिना कुणी निवडला?" महिना पोरांच्या शाळेनं निवडला होता. तिकडं उन्हाळ्याची सुट्टी जून ते ऑगस्ट. त्यामुळं ज्या दिवसांत आपण इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायलाही कुरकुरतो, नेमक्या त्याच दिवसांत परदेशातली आपली माणसं देश बघायला येतात.

मी चौतीस वर्षं एसटीत काढली. शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून धाराशिवच्या बसस्थानकावर खिडकीमागं बसलो. त्या खिडकीतून मुलूख तिथींनी दिसतो. कोजागिरीला तुळजापूरच्या जादा गाड्या, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईच्या, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या, चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांच्या. एरवी दिवसभर रिकामी धावणारी गाडी त्या दिवशी टपापर्यंत भरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी. गाव तेच, रस्ता तोच. (आमच्याकडची सरकारी बस जुनी बरं का. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं ती 1932 सालीच सुरू केली होती. मुंबई राज्याची एसटी 1948 ची. पुण्याचे पाहुणे आले की हे सांगायची संधी मी सोडत नाही.)

तर रात्री फोन लावला आणि यादीवर काट मारत गेलो. गोवा: पावसाळाभर समुद्रात उतरायला बंदी, मग पोरं खोलीत बसून मोबाइलच बघणार. मला स्वतःला पावसातला गोवा फार आवडतो, पण तो हिरवळ बघायला जाणाऱ्याचा गोवा, लाटांत डुंबायला जाणाऱ्याचा नव्हे. केरळ: तिथं पाऊस 1 जूनच्या आसपास उतरतो आणि ऑगस्टपर्यंत मुक्काम हलवत नाही. ताडोबा: गाभ्याचं जंगल 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद. जयपूर: ऊन आणि घाम दोन्ही एकदम. लडाख जुलैत छान, पण आठ वर्षांचं पोर घेऊन विमानानं थेट साडेअकरा हजार फुटांवर उतरायचं, हे मी सुचवणार नव्हतो.

"मग जुलैत भारतात यायचंच नाही का, मामा?" जावईबापूंनी पलीकडून विचारलं. आवाजात जरा राग होता आणि तो रास्त होता.

"यायचं की. फक्त सह्याद्रीच्या अलीकडं यायचं."

त्यांचा गोंधळ कुठं होता ते मला नंतर कळलं. त्यांचा हिशेब असा, डलासला जुलैत चाळीस अंश होतं. भारत विषुववृत्ताला जास्त जवळ. तेव्हा तिथं जुलैत भाजूनच निघणार. डलास बत्तीस-तेहतीस अंश अक्षांशावर आहे, धाराशिव अठरावर. तिकडं सूर्य कधीच ऐन डोक्यावर येत नाही. आमच्याकडं तो वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या मध्यात आणि एकदा जुलै सरताना. पण मे महिन्यात आभाळ मोकळं असतं आणि जमीन तव्यासारखी; जुलैत त्याच सूर्याखाली ढगांचं घोंगडं असतं. उष्ण कटिबंधात वर्षाचे भाग पाऊस पाडतो, सूर्याचं तिथं फारसं चालत नाही. त्यातही पाऊस सगळीकडं एकाच वेळी नाही. मुंबई जूनपासून भिजते आणि चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. देश एक, पावसाळे दोन. तिकीट काढणाऱ्यानं एवढं पाहिलं तरी अर्धी सहल सुधारते.

आणि सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेला ढग घाटमाथ्यावर चढताना आपलं ओझं तिथंच रितं करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; आमच्या वाट्याला येतो सातशे-आठशे, आणि तोही मनात आलं तर. या पर्जन्यछायेनं आमच्या शेतकऱ्याचं किती नुकसान केलं ते वेगळं सांगायला नको. पण जुलै-ऑगस्टात फिरणाऱ्याला हीच सावली कामाला येते. कोकणात रस्ते वाहून जात असतात तेव्हा इथं आभाळ भरलेलं, वारं गार, एखादी सर येऊन गेलेली, सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं. बालाघाटाच्या ज्या टेकड्या मेमध्ये गाढवाच्या पाठीसारख्या दिसतात, त्यांच्यावर पोपटी लव आलेली असते. नुकसान एकच. पाऊस कमी म्हणजे नद्यांना, धबधब्यांना पाणीही कमी. हे मी फोनवर सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ते आले. पहिला आठवडा पुण्यात नातेवाइकांकडं गेला आणि बुधवारी पहाटे आम्ही तुळजापूरला निघालो. बुधवार मी मुद्दाम धरला होता. मंगळवार देवीचा, शुक्रवारही तिचाच, रविवार सुट्टीवाल्यांचा आणि पौर्णिमा सगळ्यांची. हे चार टाळले तर तुळजापुरात अजूनही देवीच्या समोर दोन घटका उभं राहता येतं. धाराशिवहून बावीस-तेवीस किलोमीटर, सोलापूरहून पंचेचाळीस. महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जायचं, वाटेत कल्लोळ आणि गोमुख तीर्थ. डोंगरावरचं देऊळ म्हणून वर चढायची तयारी करून आलेला माणूस इथं उतरतच जातो, याचं भाचीच्या लेकीला, म्हणजे माझ्या नातीला, फार नवल वाटलं.

मंदिराबद्दल मी जास्त लिहीत नाही; महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांची ही कुलस्वामिनी, ज्याला त्याला आपापलं तुळजापूर आहे. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथली मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते, आणि देवी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राआधी भाद्रपद वद्यात घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. त्या दिवसांत मूर्ती पलंगावर निजवतात. दसऱ्याची पालखी आणि पलंग नगर जिल्ह्यातून चालत येतात, तो मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. सिंहासनावरच्या अभिषेकाचा नवस बोलून कुणी निद्राकाळात आला तर त्याला थांबावं लागतं. नातू म्हणाला, "म्हणजे देवीलापण व्हेकेशन?" मागं उभ्या असलेल्या आराधीण बाई ते ऐकून खळखळून हसल्या. त्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या. पोरीला तशीच हवी झाली. बाहेरच्या दुकानात घेताना मी एकेक कवडी नखानं उलटी करून पाहिली, पोटाकडची फट सरळ आहे की नाही आणि दोरा ओढून गाठ घट्ट आहे की नाही. तुळजापूरच्या कवडीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कवडी समुद्रातली आणि मानांकन समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाला, यात काही चूक नाही. ती माळ होते इथं.

दुसरा दिवस नळदुर्गचा, आणि तो मी बिघडवला. उष्ण कटिबंधातल्या किल्ल्यावर सकाळी सातला पोचायचं किंवा दुपारी चारला, मधल्या वेळात झाडाखाली पडून राहायचं, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. पण पोरांचं झोपेचं गणित अजून बसलं नव्हतं. नाश्ता, आवराआवर करता करता निघायलाच दहा वाजले. तुळजापूर मागं टाकून हैदराबाद महामार्गाला लागलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. म्हटलं, ढग आहेत, चालतंय.

नळदुर्ग हा जमिनीवरचा किल्ला, पण बोरी नदीनं त्याला असं कडेला घेतलंय की तो डोंगरी किल्ल्याचा रुबाब दाखवतो. शंभरावर बुरूज आहेत. आज तालुक्याचंही ठाणं नसलेलं हे गाव एके काळी जिल्ह्याचं होतं. 1904 साली कचेऱ्या धाराशिवला हलल्या, मग हैदराबादच्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावानं धाराशिवचं उस्मानाबाद झालं, आणि 2023 साली पुन्हा धाराशिव. गाड्यांच्या पाट्या बदलल्या तेव्हा आमच्या आगारात रंगाच्या डब्यांचा कोण ढीग! 1853 मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांकडं लावून दिला तेव्हा मेडोज टेलर नावाचा साहेब इथं कारभाराला आला आणि किल्ल्यातच राहिला. ठगांवरच्या कादंबरीमुळं त्याचं नाव आधीच झालेलं होतं. पुढं त्यानं 'तारा' ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची.

आम्ही किल्ल्यात हिंडत साडेबाराला उपळी बुरुजावर चढलो आणि नेमकं तेव्हाच आभाळ उघडलं. सत्तर-पंच्याहत्तर पायऱ्या चढून वर, तिथं दोन लांबलचक तोफा आणि चारी बाजूंना नुसतं ऊन. जावईबापू एका तोफेच्या आडोशाला बसायला गेले, पण आडोसा कसला! तोफेची सावली तोफेच्याच पोटाखाली गेलेली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. एवढ्यात नातीनं तिची स्टीलची पाण्याची बाटली फरसबंदीवर उभी ठेवली आणि तिच्याभोवती फेरी मारली. मग स्वतःच्या पायांकडं बघितलं.

"आजोबा, सावली कुठंय?"

बाटली स्वतःच्या बुडावर नेमकी उभी होती, आजूबाजूला चिमूटभरही काळोखी नव्हती. 1 ऑगस्ट. मी विसरूनच गेलो होतो. शून्य सावलीचा दिवस! बाटलीच्या तोंडाच्या कडेनं बुडाबाहेर एक रेघ उमटायला पाच-सात मिनिटं लागली, आणि तोवर त्या कडक उन्हात आम्ही सहाही जण त्या बाटलीभोवती उकिडवे बसून होतो. बारा वर्षांच्या पोरीला हे डलासला कधीच दिसणार नाही, मी म्हणालो; सूर्य तिथं डोक्यावर येतच नाही. तिनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझी चूक धुतली गेली असं नाही, आमच्या हिनं खाली उतरताना ती मोजून दाखवलीच.

उन्हातून थेट पाणी महालात उतरलो. हा महाल म्हणजे बोरी नदीवर बांधलेल्या दगडी धरणाच्या भिंतीच्या पोटातली खोली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचं हे काम, 1613 सालचं. धरण किल्ल्याला समोरच्या रणमंडळ नावाच्या जोडकिल्ल्याशी जोडतं आणि नदीचं पाणी किल्ल्याच्या अंगाशी अडवून धरतं, म्हणजे तटाला खंदक आयता मिळाला. नदी भरली की जादा पाणी भिंतीवरच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळतं. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. त्या वेळी पाणी महालाच्या झरोक्यात बसलेल्या माणसाच्या नाकासमोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि अंगावर थेंब येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी धरण बांधताना संरक्षण साधलं, पाणी साठवलं, आणि वर ही चैनही केली. आजच्या पाटबंधारे खात्याच्या नकाशात अशी खोली कुणी काढली तर त्याची चौकशी लागेल.

आम्ही गेलो तेव्हा नर-मादी दोन्ही कोरडे. झरोक्यासमोर पडदा नव्हता; खाली खडक, शेवाळ वाळल्याचे काळे ओघळ आणि लांबवर चरणाऱ्या चार शेळ्या. नातवानं माझ्याकडं पाहिलं. मोबाइलवर पाहिलेला फोटो त्याच्या डोळ्यांत होता. वरचं बोरीचं धरण भरल्याशिवाय हे धबधबे धरत नाहीत, आणि ते बहुधा भरतं सप्टेंबरात, परतीच्या पावसानं. फोनवर गिळलेलं वाक्य मला तिथं बोलावं लागलं: ज्या कोरडेपणामुळं आपण जुलैत इथं फिरू शकतोय, त्याच कोरडेपणामुळं धबधबा नाही. दोन्ही मिळायचं नाही. पोरगं काही बोललं नाही. पण त्या खोलीतला गारवा मात्र खरा होता. बाहेर दगड चटके देत होते आणि आत भिंतीला पाठ लावली की मडक्याला टेकल्यासारखं वाटत होतं. वटवाघळांचा उग्र वास सोसून आम्ही तिथं अर्धा तास बसलो. जावईबापूंना चक्क डुलकी लागली.

परतताना अणदूरवरून वळसा घेतला. इथल्या खंडोबाची रीत मला फार आवडते. देव एक आणि घरं दोन. वर्षातले सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला, उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. दोन गावांमध्ये तसा लेखी करार होतो आणि देव वाजतगाजत हलतो. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला. म्हणजे खंडोबा थंडीत नदीकाठच्या घरी जातो. नियंत्रक म्हणून मला ही तारीख पाठ असायची. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला ती कुणी सांगत नाही, आणि तो चुकीच्या गावी जाऊन रिकाम्या देवळाला नमस्कार करून येतो.

जेवण रस्त्यावरच्या धाब्यावर झालं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काळ्या मसाल्याची आमटी. नातवानं चटणी नुसतीच खाल्ली आणि मग ताकाचे तीन पेले प्याला.

तिसऱ्या दिवशी तेर. तेरला जायला मोसम बघावा लागत नाही. संग्रहालयात वर्षभर सारखंच. पण त्या संग्रहालयात ठेवलेलं सगळं ज्या व्यापारानं आलं, तो व्यापार मात्र मोसमावर चालला होता, आणि हे मला त्या मुलांना दाखवायचं होतं.

तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या दर्यावर्दी टिपणात, पेरिप्लसमध्ये, त्याचं नाव आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, मोठं शहर, आणि तिथलं सुती कापड गाड्यांत घालून आडवाटेनं भडोचला येतं, असं तो लिहितो. हाच माणूस जहाजं कधी सोडायची तेही सांगतो: मिसरहून जुलैत. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घ्यायचा, भारताच्या किनाऱ्याला लागायचं, माल भरायचा आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. अरबीत ऋतूला 'मौसिम' म्हणतात. आपला मोसम आणि इंग्रजांचा मान्सून दोन्ही तिथूनच आले. माझी भाची जुलैच्या सुट्टीत आली म्हणून मी हसलो होतो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातले व्यापारीही जुलैतच निघायचे, पण वाऱ्याच्या सोयीनं.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यांतून हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं. पक्क्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या वस्तूंच्या खुणा. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे, तळहातात मावेल एवढी, डोक्यावर भरगच्च केशभूषा. अशीच एक हस्तिदंती बाई इटलीत पाँपेईला 1938 साली ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. ती राख पडली इसवी सन 79 मध्ये. या दोघी बहिणी म्हणाव्यात इतक्या सारख्या. नातीला पाँपेई शाळेत होतं. ती काचेला नाक लावून उभी राहिली आणि काच धुरकटली. "म्हणजे आपल्या गावची बाई तिथं गेली होती?" आपल्या गावची! मी काही दुरुस्त केलं नाही.

त्रिविक्रमाचं देऊळ तिथून जवळच. मागून पाहिलं तर घोड्याच्या नालासारखं गोल, विटांचं. मुळात हा बौद्ध चैत्य असावा, असं अभ्यासक मानतात. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात अशी त्यांची ख्याती. मातीत तूस मिसळून भाजलं की तूस जळून जातं आणि विटेत भोकं राहतात, ती हलकी होते. मातीचंच गाव हे. संत गोरा कुंभाराचं घर आणि समाधी इथं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट मी सांगितली तर नातवानं लगेच माझ्या डोक्यावर टकटक करून पाहिलं. निकाल त्यानं सांगितला नाही.

माझ्या बहिणीचं, म्हणजे या पोरांच्या आजीचं सासर लातूरकडचं. ती माहेरी यायची ती बार्शी लाईटनं. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी 1897 ला सुरू झाली आणि 1911 ला लातूरपर्यंत पोचली. तेरला थांबायची, येडशीला थांबायची, पण धाराशिव गावात यायचीच नाही. मग येडशीहून आमची बस. 2007-08 मध्ये रूळ रुंद झाले तेव्हा रेल्वे वळवून धाराशिवला आणली. भाची म्हणाली, तिला त्या गाडीच्या कोळशाचा वास अजून आठवतो.

येडशीच्या रामलिंगला आम्ही शेवटी दोन तास गेलो. घाटातलं देऊळ, जटायू इथंच पडला अशी समजूत, भोवती अभयारण्य, आणि केळ्याची पिशवी हातातून हिसकावणारी वानरं. जुलै-ऑगस्टात सोमवार सोडून जावं. श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. धाराशिवच्या लेण्यांकडं मात्र गेलो नाही, पोरं थकली होती. पाचव्या-सातव्या शतकांच्या दरम्यानची ती लेणी, आत पार्श्वनाथाची मोठी मूर्ती. गावाच्या इतक्या जवळ असून गावातल्याच निम्म्या लोकांनी पाहिलेली नाहीत.

परंडा राहिलाच. तिथला किल्ला माझ्या लेखी जिल्ह्यातला सर्वांत देखणा, नळदुर्गच्या तुलनेत आटोपशीर. विजापूरला जी मलिक-ए-मैदान तोफ लोक बघतात, ती 1549 साली नगरला ओतली, नंतर परंड्याला होती आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. पंचावन्न टनांचं धूड बैलांनी ओढत नेताना ऋतू कुठला निवडला असेल, हा प्रश्न मला जुना आहे. काळ्या रानात पावसाळ्यात तर ते चाक हललंच नसतं. तिकडूनच भूमच्या बाजूला वळलं की कुंथलगिरी, जैनांचं सिद्धक्षेत्र, आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना घेतली ती जागा. त्या भागात म्हशी आणि खव्याच्या भट्ट्या. कुंथलगिरीच्या खव्यालाही मानांकन आहे. पेढे मात्र मी आधीच मागवून ठेवले होते, ते डलासला गेले.

धबधबा बघायचाच तर सप्टेंबरात या, असं मी पूर्वी बिनदिक्कत सांगायचो. आता थांबून सांगतो. 2025 च्या सप्टेंबरात परतीच्या पावसानं परंडा, भूम भागात नद्या शेतांतून गेल्या, माणसं छपरांवरून उतरवावी लागली, जनावरं वाहिली, पिकाखालची मातीसुद्धा गेली. नर-मादी त्या वर्षी दणदणून वाहिले असतील, पण ते बघायला जाण्याची माझी इच्छा झाली नाही. ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या आठवड्याची पावसाची बातमी बघूनच निघावं.

माझं मत विचाराल तर डिसेंबर. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडं येळवस असते, पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी शेतावर. ज्वारी कमरेच्या वर, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले. कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, आणि मग जेवण: भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर, गाडग्यातली आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे-वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, चुका, भुईमूग, रानात त्या आठवड्यात जे हिरवं असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं, आणि ते दुसऱ्या महिन्यात करायला गेलं तर जमतच नाही, कारण ते सगळे दाणे एकदम ओले फक्त तेव्हाच असतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. हॉटेलात खोली मिळो न मिळो, त्या दिवशी या जिल्ह्यात कुणी उपाशी राहत नाही.

भाचीला हे सांगितलं. तिनं लगेच तिकडं कॅलेंडर उघडलं. 2024 ला येळवस 30 डिसेंबरला होती, 2025 ला 19 डिसेंबरला; दोन्ही हुकल्या. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळं सगळं पुढं सरकलं आणि येळवस जाऊन पडली 7 जानेवारी 2027 ला. पोरांची शाळा तोवर उघडलेली असणार. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून नातीचा आवाज आला.

"आजोबा, त्या दिवशी माझी सावली केवढी पडेल?"

मी कागदावर काटकोन काढून बघितला, मग खात्री हवी म्हणून आमच्या शाळामास्तर शेजाऱ्यांना विचारून आलो. भर दुपारी तिच्या उंचीपेक्षा वीतभर कमी पडेल, उत्तरेच्या बाजूला. तिची आताची उंची कळवायला सांगितली आहे.